कोरी कॅसेट

आमच्या भागात कॅसेट 'विकत' आणण्यापेक्षा 'भरून' आणायची पद्धत जास्त. वहीच्या पानावर गाण्यांची यादी द्यायची, साठची की नव्वदची ते सांगायचं, आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन यायची. साठची म्हणजे एका बाजूला अर्धा तास, नव्वदची म्हणजे पाऊण. एकशेवीसचीही मिळे, पण तिची फीत इतकी पातळ की टेप ती हमखास खायचा. मग बसा पेन्सिल घालून गुंडाळत!

फिलिप्सने ही कॅसेट १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. आपल्याकडे तिचा सुळसुळाट १९८० नंतरचा. त्याआधी कंपनीला जे खपेल असं वाटे त्याचीच तबकडी निघे. गुलशन कुमारांनी स्वस्त कॅसेटींनी बाजार कसा उलटवला ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती कोरी कॅसेट. तिच्यामुळे रेकॉर्डिंगचं बटण ऐकणाऱ्याच्या हाती आलं.

आणि जुन्नर तालुक्यात टिपण्यासारखं काय कमी होतं? आपलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन जत्रेच्या सुपाऱ्या ठरवतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं, २००२ साली त्या गेल्या. तमाशातली बतावणी बरीचशी उभ्या उभ्या सुचलेली, ज्या गावात तंबू त्या गावच्या पुढाऱ्याला चिमटे काढणारी. दुसऱ्या रात्री ती तशी होतच नाही. कर्ण्याजवळ टेप ठेवून कुणी बटण दाबलं, तरच ती रात्र उरणार. (पाऊण तासाने बाजू पालटताना नेमका चांगला विनोद निसटणार, ते वेगळं!)

पण जिच्यावर भरता येतं तिच्यावर परतही भरता येतं. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की रेकॉर्डिंगचं बटण दाबलं जात नाही. त्या भोकावर सेलोटेप चिकटवला की पुन्हा दाबलं जातं. ही युक्ती शाळकरी पोरांनाही ठाऊक. टेपमध्ये पुसणारं हेड आधी आणि भरणारं नंतर, त्यामुळे खालचं काहीच शिल्लक राहत नाही.

सिनेमाच्या कॅसेटवर नाव छापलेलं असायचं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, जत्रेतली बतावणी, मुंबईच्या चुलत्यांनी पाठवलेला बोलका निरोप, यांच्यावर बहुधा काहीच लिहिलेलं नसे. नवीन कॅसेटला पैसे नसले की बळी जायचा तो या बिननावाच्यांचाच. बाजारात परत मिळणारी गाणी राहिली आणि कुठेच न मिळणारे आवाज गेले.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून लाखावर ओव्या गोळा करून घेतल्या, म्हणून त्या आज वाचता येतात, काही ऐकताही येतात. घरातल्या डब्यांमध्ये काय आहे ते मात्र आपणच बघायचं.

तेव्हा मंडळी, माळ्यावर बिननावाची कॅसेट सापडली तर आधी त्या दोन पट्ट्या मोडा, भोकाला सेलोटेप असेल तर काढा. फीत चिकटली असेल तर जबरदस्ती नको, जाणकाराकडे द्या. आणि काही ऐकू आलं तर मला फोन करा, कितीही वाजले असले तरी.