चाकरमान्यांची निवृत्ती (मुंबई–कोकण)

मुंबईत नोकरी करून, उमेदीची पंचवीस-तीस वर्षे तिथल्या पगारावर काढून, निवृत्तीनंतर रत्नागिरी वा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मूळ गावी कायमचे राहायला जाण्याची रीत. महाग शहरात मिळवायचे आणि स्वस्त जागी म्हातारपण काढायचे, असे तिचे वर्णन सहसा केले जाते. ते अपुरे आहे. गावची स्वस्ताई बाजारभावात फारशी नव्हतीच. कुटुंबाने, त्यातही गावी राहिलेल्या बाईने, नोकरीच्या सगळ्या काळात जे घर आणि जमिनीचा जो वाटा राखला, त्यातून ती आली. ज्यांच्याकडे राखण्याजोगे काही नव्हते, त्यांना ही वाट क्वचितच खुली झाली. प्रस्तुत नोंदीत या मुद्द्यावर भर दिला आहे.

पूर्वपीठिका : कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली कापडगिरणी १८५६ मध्ये चालू झाली आणि पुढील काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा या पट्ट्याचे गिरणगाव झाले. गिरण्यांना लागणाऱ्या कामगारांचा फार मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याने पुरवला (सिंधुदुर्ग तेव्हा त्याचाच भाग होता, तो स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी). डोंगरउतारावरची तुटपुंजी भातशेती, तिच्यावरचा खोताचा हक्क आणि कापणीनंतर हाताला काम नसणे ही कारणे सर्वमान्य आहेत. त्यांपैकी कोणते प्रधान, याविषयी मतभेद आहेत. पुरुष एकटा मुंबईस जाई. गावमंडळाच्या नावे घेतलेल्या एका खोलीत वीस-वीस, कधी त्याहून अधिक गाववाले राहत. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीवर कपड्यांची खुंटी, पाळीप्रमाणे झोपायची जागा आणि जेवायला खानावळ, असा हिशेब असे. पगारातून उरलेले पैसे मनीऑर्डरने गावी जात. टपालखात्याने ही सोय १८८० मध्ये सुरू केली. मनीऑर्डरच्या फॉर्मला मजकुरासाठी एक लहानसा भाग जोडलेला असे आणि पैशांबरोबर तो चिठोराही घरी पोहोचे. गड्याची मजुरी किती द्यायची, कौले कधी शाकारायची, पोरांच्या फीचे काय, हे दोन-चार ओळींत लिहिण्यापुरती जागा त्यावर असे. मुंबईचा पगार आणि गावचे घर हा एकाच संसाराचा जमाखर्च होता, याचा याहून स्पष्ट कागद मिळणे कठीण.

पगार आणि पेन्शन : कामगाराचे उत्पन्न निवृत्तीच्या दिवशी केवळ घटत नाही, त्याचा जागेशी असलेला संबंधही सुटतो. सरकारी नोकराच्या बाबतीत हे उघड दिसते. सातव्या वेतन आयोगानुसार घरभाडे भत्ता मुंबईसारख्या ‘क्ष’ वर्गातील शहरात मूळ वेतनाच्या २४ टक्के, तर लहान गावात ८ टक्के ठरला, आणि महागाई भत्त्याबरोबर दोन्ही दर पुढे वाढले. पेन्शन मात्र मूळ वेतनावर काढतात. त्यात घरभाडे भत्ता धरत नाहीत. म्हणजे शहर महाग आहे हे माणूस नोकरीत असेपर्यंत मालक मान्य करतो, निवृत्तीनंतर करत नाही. मुंबईत राहिले काय आणि मालवणात राहिले काय, पेन्शन तितकीच. गिरणी कामगाराची स्थिती याहून कठीण होती. १९५२ च्या कायद्याने त्याला भविष्य निर्वाह निधी मिळाला, पण तो एकरकमी. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळे. महिन्याचे २६ दिवस धरण्याच्या कायदेशीर रीतीने तीस वर्षांच्या नोकरीचे साधारण सव्वासतरा महिन्यांचे वेतन होते. घराचे चिरे, मुलीचे लग्न आणि राहिलेले कर्ज यांतच एवढी रक्कम संपू शकते. दरमहा पेन्शनची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आली १९९५ मध्ये, म्हणजे गिरण्यांचा बहर ओसरल्यावर. तिच्या सूत्रात निवृत्तिवेतनार्ह पगारास नोकरीच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात. पगाराची १५,००० रुपयांची मर्यादा (सप्टेंबर २०१४ पासून) आणि ३५ वर्षे धरली, तर महिन्याला ७,५०० रुपये येतात. पुष्कळांना किमान पेन्शनच लागू होते. ती २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. या रकमांवर मुंबईत भाड्याची खोली घेऊन म्हातारपण काढता येत नाही. निवृत्तीची व्यवस्था आखणाऱ्यांनी हे बोलून दाखवले नाही, तरी कामगाराला मागे गाव आहे हे त्यांनी गृहीत धरले होते, असाच निष्कर्ष या आकड्यांवरून निघतो.

भाड्याचा आक्षेप : येथे एक रास्त आक्षेप घेतला जातो. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने चाळीतील जुन्या भाडेकरूंची भाडी गोठवली होती. पागडीच्या खोलीचे भाडे नाममात्र होते. मग ज्याला खोली होती त्याच्यापुरते शहर महाग कसे? याचे उत्तर भाड्यात मिळत नाही, खोलीच्या मापात मिळते. दहा बाय बाराच्या खोलीत मुलाचे लग्न झाले की दोन संसार मावत नाहीत, आणि दुसरी खोली घ्यायची तर ती बाजारभावाने. म्हणून बापाची निवृत्ती आणि मुलाचा संसार एकाच खोलीच्या दोन बाजू ठरत. बाप गावी गेला की खोली मुलाला मोकळी होई. गावी जाणे हा नुसता काटकसरीचा बेत नव्हता, त्यात पुढच्या पिढीला शहरात जागा करून देणेही होते. गावच्या बाजारभावांकडे पाहिले तरी हेच दिसते. साखर, रॉकेल, औषधे गावात स्वस्त नव्हती. घरभाडे आणि विकतचे तांदूळ ही दोन खाती मात्र वहीतून पार निघून जात, कारण घर आपले आणि भात शेतातले.

बायकांचा वाटा : ते घर आणि ते शेत कोणी टिकवले, हा प्रश्न जुन्या कामगारविषयक लेखनात जवळजवळ आढळत नाही. भाजावळ, लावणी, बेणणी, कापणी, गुरे, सासू-सासऱ्यांचे आजारपण आणि भावकीतले तंटे हे सर्व पुरुष मुंबईत असताना बाईने निभावले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तर रत्नागिरीत १,१०० हून अधिक. सिंधुदुर्गातही स्त्रियाच संख्येने जास्त होत्या. हे प्रमाण स्थलांतरामुळे पडलेले आहे. ज्या श्रमामुळे निवृत्त कामगाराचे म्हातारपण स्वस्त झाले, त्या श्रमाला ना फंड होता ना ग्रॅच्युइटी. या रीतीचा कोणताही हिशेब हा खर्च धरल्याशिवाय पुरा होत नाही, आणि आजवरच्या बहुतेक हिशेबांत तो धरलेला नाही.

गावाशी असलेल्या नात्याविषयी मतभेद : गावाची ओढ असलेला कामगार अर्धवट औद्योगिक राहतो, गैरहजर राहतो, संघटित होत नाही, असे गिरणीमालक आणि काही अभ्यासक मानत. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात वेगळी भूमिका घेतली : गावाशी असलेला दुवा तोडू नये, त्याला नियमित रूप द्यावे. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात गाव हा कामगाराच्या शहरी लढ्याचाच एक आधार असल्याचे दाखवले. १९२८ चा गिरणी कामगारांचा सुमारे सहा महिन्यांचा संप त्या आधाराशिवाय इतका टिकला नसता, हे म्हणणे पटण्याजोगे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते; त्यानंतर अनेक जण चाळिशीतच गावी परतले. किती, याविषयी एकमत नाही. त्यांना निवृत्त म्हणणे बरोबर होणार नाही. पण ज्या घरांनी म्हातारपणासाठी जागा राखली होती, त्याच घरांनी या बेकारांनाही पोसले.

आरोग्य : या रीतीची सर्वांत कच्ची बाजू. कर्मचारी राज्य विमा योजनेत किमान पाच वर्षे विमाधारक राहिलेल्या निवृत्त कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी उपचार चालू ठेवता येतात. परंतु या योजनेची मोठी रुग्णालये परळ, वरळी, मुलुंड, कांदिवली येथे आहेत, आणि हक्कदार राजापूर-लांज्यात. दक्षिण सिंधुदुर्गातील गंभीर रुग्ण गोव्यात बांबोळीला नेण्याची जुनी वहिवाट आहे. तेथील सरकारी रुग्णालयाने २०१८ मध्ये गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेमुळे मुंबईच्या रुग्णालयापर्यंतची वाट सोपी झाली. तरी हृदयविकाराच्या झटक्यात ती रात्रभराचीच राहते.

घाटावरील कामगार : सातारा, पुणे व कोल्हापूर जिल्ह्यांतील कामगारांतही ही रीत होती.

सद्यःस्थिती : अलीकडे मुंबई-ठाण्यातील फ्लॅट विकून कोकणात घर घेणाऱ्यांचा एक वर्ग तयार झाला आहे. त्याला जुन्या रीतीचेच नवे रूप मानण्याची प्रवृत्ती आहे. ती स्वीकारण्याजोगी नाही. जुना कामगार राखलेल्या वाट्यावर परतला, नवा माणूस शहरातील मालमत्तेच्या किमतीवर गावात जागा घेतो, आणि तेथील जमिनीचे भाव स्थानिकांना परवडेनासे करतो. कायद्याची चौकटही दोघांना सारखी नाही. १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदारांत का होईना, ज्याचे नाव आहे तो शेतकरी ठरतो. ज्याचे आजोबा भूमिहीन म्हणून मुंबईला गेले, त्याला बिगरशेती भूखंड किंवा फ्लॅट घ्यावा लागतो. गिरणी कामगारांना गिरण्यांच्या जमिनींवर घरे देण्याची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. गावी राहणाऱ्या अनेकांनीही तिच्यासाठी अर्ज केले. त्यावरून त्यांचे गावी परतणे खुशीचे नव्हते असा तर्क कोणी करतात, तर नातवंडांसाठी शहरात जागा राखण्याची ती जुनीच धडपड आहे असे इतर मानतात. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. परतणाऱ्यांमुळे कोकणातील गावे पुन्हा भरली, हा समज मात्र आकड्यांत टिकत नाही : २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली, आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर.