किल्लीशिवाय कुलूप उघडण्याचा छंद: सुरुवात कशी करायची, कायदा काय सांगतो?

किल्लीशिवाय कुलूप उघडणारा म्हटलं की चोरच आठवतो. जर्मनीत मात्र 1997 पासून हा खेळ म्हणून जोपासणाऱ्यांची संघटना आहे.

कुलूप उघडतं कसं?
पिनांच्या कुलपात स्प्रिंगखाली पिनांच्या जोड्या असतात. योग्य किल्ली लावली की सगळ्या जोड्यांचे सांधे एका रेषेत येतात आणि कुलूप फिरतं. पण पिनांची भोकं कधीच तंतोतंत नसतात. त्यामुळे किंचित ताण दिला की एका वेळी एखादीच पिन अडकते. ती बारीक आकड्याने हलकेच ढकलायची. ‘टक’ जाणवलं की पुढची शोधायची.

सुरुवात कशी करायची?
पिनांचं साधं, स्वस्त कुलूप घ्या. नियम दोनच: कुलूप स्वतःचं हवं आणि ते वापरात नसावं. सरावात आतले भाग बिघडले, तर घराबाहेर अडकायची वेळ यायला नको.

कायदा काय सांगतो?
महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951च्या कलम 122नुसार, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीची साधनं वैध कारणाशिवाय जवळ सापडली, तर शिक्षा होऊ शकते. कारण वैध आहे, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. म्हणून सराव घरीच करा, अवजारं बॅगेत घेऊन फिरू नका.