राहायला जगात सगळ्यात भारी जागा कोणती हे ठरवतं कोण? आणि नांदेडची गावं तेलंगणात जायचं का म्हणत होती?

दरवर्षी जून-जुलै आला की एक पोस्ट हमखास फिरते. 'ही आहेत जगातली राहण्यासाठी सर्वोत्तम दहा शहरं.' खाली निळं पाणी, सायकलवरून जाणारी माणसं, स्वच्छ रस्ते. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं या यादीत व्हिएन्ना पहिलं होतं. २०२५ मध्ये कोपनहेगनने त्याला मागे टाकलं. हदगावच्या बसस्टँडवर गाडीची वाट बघत बसलेलं पोरगं ही रील बघतं, लाईक करतं आणि पुढे सरकवतं.

पण ही यादी नेमकी कुणासाठी काढली जाते?

व्हिएन्ना-कोपनहेगनवाली यादी इकॉनॉमिस्ट ग्रुपची 'इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट' ही संस्था काढते. १७३ शहरांना १०० पैकी गुण दिले जातात. स्थैर्य म्हणजे गुन्हेगारी, दंगली, दहशतवाद यांना २५ गुण, आरोग्यसेवेला २०, संस्कृती आणि पर्यावरणाला २५, शिक्षणाला १० आणि पायाभूत सुविधांना २०. व्हिएन्नाचा नंबर गेला तो स्थैर्याच्या रकान्यात. ऑगस्ट २०२४ मध्ये टेलर स्विफ्टचे तिथले कार्यक्रम हल्ल्याच्या कटामुळे रद्द झाले आणि गुण कापले गेले.

आता गंमत बघा. या हिशोबात घरभाडं किती, भाजी काय भाव, पगार किती पुरतो हे येतच नाही. कारण यादी तिथे जन्मलेल्या माणसासाठी काढलेलीच नव्हती. मोठ्या कंपन्या आपले साहेब लोक परदेशात पाठवतात. 'तिकडे हाल होतात, जास्तीचे पैसे द्या' असं साहेब म्हणाला, तर किती द्यायचे याला काहीतरी आधार हवा. त्यासाठी ही गुणपद्धत आली. शहराला ८० च्या वर गुण असतील तर जादा भत्ता नाही. ७० ते ८० असेल तर पगाराच्या ५ टक्के, आणि असं वाढत वाढत ५० किंवा त्याखाली गेलं की २० टक्के. मर्सर नावाच्या कंपनीची अशीच दुसरी यादी आहे. तिच्यात न्यूयॉर्कला १०० धरून बाकीची शहरं मोजतात. तिचा उपयोगही हाच.

म्हणजे आपण ज्याला 'जगातली बेस्ट जागा' समजून शेअर करतो, तो मुळात बदलीवर गेलेल्या साहेबाच्या भत्त्याचा तक्ता आहे.

बरं, ते परदेशाचं झालं. आपल्याकडे काय?

केंद्र सरकारने २०१८ मध्ये राहण्यायोग्य शहरांची पहिली यादी काढली. १११ शहरं. पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी. महाराष्ट्रात पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. पण गुणांची वाटणी फार कमी लोकांनी वाचली. भौतिक सुविधांना ४५ गुण, कारभाराला २५, सामाजिक बाबींना २५ आणि अर्थकारणाला, म्हणजे रोजगार-कमाईला, फक्त ५. नांदेड, लातूर, हिंगोलीची पोरं पुण्याला ज्या एका कारणासाठी जातात, त्याला शंभरातले पाच गुण!

पुढच्या वेळी, २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा गुणांची वाटणी बदललेली होती. अर्थकारणाचे गुण वाढले, लोकांच्या मताला ३० गुण आले. बंगळुरू पहिलं आलं आणि पुणे दुसरं. मोजपट्टीच वेगळी होती, त्यामुळे दोन निकाल शेजारी ठेवून पुणे घसरलं असं म्हणणंही कठीण.

या यादीत नांदेड नव्हतं. निवड स्मार्ट सिटीच्या यादीतली शहरं आणि दहा लाखांवरच्या लोकसंख्येची शहरं अशी होती. २०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाख. मग हदगावचा तर विषयच सोडा. हदगावला मोजायचंच झालं तर काय दिसेल? नागपूर-तुळजापूर महामार्ग जवळून गेला, ही जमेची बाजू. रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा मार्ग २००८-०९ च्या सुमारास मंजूर झाला. त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. रूळ यवतमाळ, पुसद, उमरखेड, हदगाव करत नांदेडला यायचे आहेत. मोठं सरकारी रुग्णालय नांदेडला, विष्णुपुरीत. तिथे हिंगोली, यवतमाळकडचे आणि अगदी तेलंगणातले पेशंटही येतात. त्याच रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला एका दिवसात २४ जण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. आरोग्याचे २० गुण म्हणजे प्रत्यक्षात काय असतं, ते तेव्हा सगळ्या राज्याला दिसलं.

अशा यादीत आपलं नावच नसेल तर माणूस काय करतो? स्वतःची यादी करतो. नांदेड जिल्ह्यात नेमकं हेच झालं.

जिल्ह्याच्या पूर्वेला तेलंगणा लागतं. ही सीमा १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत ठरली. तोपर्यंत दोन्हीकडचा भाग एकाच हैदराबाद राज्यात होता. भाषा बघून किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून काढून नांदेडला जोडले, आणि मुधोळ-भैंसा नांदेडमधून काढून तिकडे दिले. राजुरा पुढे १९५९ ला चंद्रपूरला गेलं. तेव्हा निकष एकच होता, भाषा कोणती बोलता. सोयरीक मात्र सीमेपलीकडे होत राहिली. आदिलाबादकडे आजही मराठी घरं भरपूर आहेत, त्यामुळे पलीकडे काय मिळतं याची खबर पेपरात येण्याआधी पाहुण्यांकडूनच यायची.

२०१८ साली या खबरी जोरात यायला लागल्या. १ जानेवारीपासून तेलंगणात शेतीला चोवीस तास मोफत वीज. इकडे आठवडा बदलला की पाळी बदलायची, रात्रीच्या लाईटला मोटर चालू करायला बॅटरी घेऊन, सापकिरड्याच्या भीतीने शेतात जायचं. १० मे २०१८ ला तिथे 'रयतू बंधू' योजना सुरू झाली, एकरी हंगामाला चार हजार, पुढच्या वर्षी पाच हजार. म्हणजे पाच एकरवाल्याला वर्षाला आधी चाळीस हजार, मग पन्नास हजार. वर शेतकऱ्याचा मृत्यू झाला तर घरच्यांना पाच लाखांचा विमा. म्हाताऱ्या माणसाला तिकडे महिन्याला हजार रुपये मिळत होते, इकडे श्रावणबाळ योजनेत सहाशे. २०१९ मध्ये इकडे हजार झाले, तर तिकडे दोन हजार सोळा.

धर्माबाद तालुक्यातल्या सरपंचांनी मग थेट मागणी केली, आम्हाला या सुविधा द्या, नाहीतर तेलंगणात जाऊ द्या. तेव्हाच्या बातम्यांत सुमारे चाळीस गावांचा आकडा होता. सप्टेंबर २०१९ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, नायगाव, भोकर, देगलूर, किनवट आणि हदगाव या मतदारसंघांतले काही लोक हैदराबादला जाऊन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांना भेटले. मागणी तीच, गावं तेलंगणात घ्या. नाहीतर निवडणुकीला तुमच्या पक्षाचं तिकीट द्या.

हदगाव शहर तर सीमेला लागूनही नाही. मधे भोकर, हिमायतनगर. तरी हदगावचं नाव त्यात होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच होतं तर माणसांनी पलीकडे राहायला जायचं. पाच-दहा कोसांचा तर प्रश्न. नोकरदार माणूस तसं करतो, पुणं नाही आवडलं तर बंगळुरू. पण शेतकऱ्याला शेत डोक्यावर घेऊन जाता येत नाही. 'रयतू बंधू' जमिनीवर मिळायचं आणि जमीन तेलंगणातलीच लागायची. स्वतःची जमीन विकून तिकडे घ्यायची तर दर परवडायला पाहिजे. म्हणून त्यांनी सीमाच उचलून अलीकडे ठेवा असं म्हटलं. ऐकायला अजब वाटतं, हिशोबाने बरोबर आहे.

आणि हे फक्त नांदेडात नाही. सांगलीच्या जत तालुक्यातल्या ४२ गावांनी पाण्यासाठी २०१२ मध्येच कर्नाटकात जायचा सूर लावला होता. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तो विषय उकरून काढला आणि म्हैसाळच्या विस्तारित योजनेचा सुमारे दोन हजार कोटींचा कागद इकडे एकदम पळायला लागला. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात १४ गावांवर तर दोन्ही राज्यांचा दावा आहे. दोन्हीकडचं रेशन, दोन्हीकडे मतदान. महाराजगुडा गावात एका घराच्या मधूनच सीमा जाते, काही खोल्या महाराष्ट्रात, काही तेलंगणात.

कुठे राहावं यावर याच मुलखात फार जुनं एक मत आहे, आणि ते बरोबर उलटं. तेराव्या शतकात चक्रधर स्वामींनी आपल्या शिष्यांना सांगितलं होतं की कानडी आणि तेलंगी देशात जाऊ नका, महाराष्ट्रात राहा. महानुभाव परंपरेत त्याचं कारण असं देतात की तिकडे विषयसुख फार, मानही मिळतो, आणि त्यात विरक्त माणूस बिघडतो. थोडक्यात, जिथे सुख जास्त तिथे राहू नये! संन्याशाची यादी संन्याशासारखीच असणार. धर्माबादच्या सरपंचांना हा निकष चालला नसता.

मग पुढे काय झालं? गावं गेली नाहीत. तेलंगणाचाच पक्ष इकडे आला. नाव बदलून 'भारत राष्ट्र समिती' झालेल्या या पक्षाने तेलंगणाबाहेरची पहिली जाहीर सभा ५ फेब्रुवारी २०२३ ला नांदेडलाच घेतली. गुलाबी झेंडे सगळीकडे दिसले. डिसेंबरात तेलंगणात त्यांचं सरकार पडलं आणि इकडचे झेंडेही उतरले.

दरम्यान महाराष्ट्राने आपला तक्ता बदलायला घेतला. २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट, 'नमो शेतकरी'चे वर्षाला सहा हजार, एक रुपयात पीकविमा. २०२४ मध्ये साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आणि 'लाडकी बहीण'चे महिन्याला दीड हजार. त्यातला एक रुपयाचा विमा २०२५ च्या खरिपाला बंदही झाला. तिकडे नव्या सरकारने 'रयतू बंधू'चं नाव 'रयतू भरोसा' केलं आणि जानेवारी २०२५ पासून रक्कम एकरी वर्षाला बारा हजार केली. पीएम किसानचे सहा हजार दोन्हीकडे सारखेच, ते बाजूला ठेवू.

आता कागद-पेन घ्या. 'नमो'चे सहा हजार कुटुंबाला मिळतात, शेत किती यावर अवलंबून नाहीत. 'भरोसा'चे बारा हजार एकराला. म्हणजे वीस गुंठेवाल्याला दोन्हीकडे सहाच हजार. त्याच्या घरात एक 'लाडकी बहीण' बसत असेल तर वर्षाचे अठरा हजार वर, त्यामुळे त्याला इकडेच बरं. दहा एकरवाल्याला तिकडे एक लाख वीस हजार आणि इकडे तेच सहा हजार. आणि दुसऱ्याचं रान बटईने करणाऱ्याला 'रयतू बंधू'चा रुपया कधी मिळालाच नाही, कारण सातबारा त्याच्या नावावर नव्हता.