गरवणाऱ्यांचं समाधान

शेजारचे अमेरिकन आजोबा दर एप्रिलला ट्राउट गरवायला जातात. (गळाने मासे धरण्याला आमच्या कोकणात गरवणं म्हणतात.) यंदा मलाही घेऊन गेले. तिथे कळलं की तळ्यात सरकारी टँकरने आधीच मासे आणून ओतलेत! मला हसूच आलं. म्हटलं, मग बाजारातूनच आणायचे की. आजोबा काही बोलले नाहीत, पण परतताना गप्प होते. ते मनाला लागून राहिलं, म्हणून वाचत बसले.

ही ओतायची रीत बरीच जुनी निघाली. लिव्हिंग्स्टन स्टोन यांनी १८७९ साली कॅलिफोर्नियातल्या मक्लाउड नदीवर रेनबो ट्राउटची अंडी गोळा करायचं केंद्र काढलं. तिथली अंडी आगगाडीने दूरदूर गेली. धरणं नि लाकूडतोडीने नद्या रिकाम्या होत होत्या, त्यावर हा सोपा उपाय. जितके मासे ओतू तितके लोक खूश, असा सरळ हिशोब!

तो चुकवला मोंटानातल्या डिक व्हिन्सेंट या जीवशास्त्रज्ञाने. १९६०च्या दशकाअखेरीस ते मॅडिसन नदीतले मासे मोजत होते. त्यांना शंका आली की ओतलेल्या माशांमुळे नदीतच जन्मलेले मासे घटतात. मग नदीच्या एका भागात ओतणं थांबवलं, आणि ओडेल क्रीक नावाच्या ओढ्यात, जिथे ओतत नसत, तिथे मुद्दाम ओतून पाहिलं. नदीतले वाढले, ओढ्यातले घटले! लोक भडकले. टँकर नाही तर गिऱ्हाईक कुठून येणार, ही दुकानदारांची काळजी. तरीही १९७४ साली मोंटानाने अशा नद्यांमध्ये मासे सोडणं बंद केलं. आज मॅडिसनवर लांबलांबून लोक येतात, आणि धरलेला मासा बहुतेकजण परत सोडून देतात. (गंमत म्हणजे तिथल्या 'रानटी' ब्राऊन ट्राउटचे पूर्वजही युरोपातून आणलेलेच. जर्मनीहून पहिली अंडी अमेरिकेत आली १८८३ साली.)

हे वाचून आधी वाटलं, चला, माझं हसणं बरोबरच होतं. पण आमचं तळं म्हणजे मॅडिसन नव्हे. ट्राउटला गार पाणी लागतं, अंडी घालायला वाहत्या पाण्यातले बारीक गोटे लागतात. इथे यातलं काही नाही, उन्हाळ्यात तळं तापतं. म्हणजे टँकर कुणाच्या पोटावर पाय देत नाही. तो आला नाही तर इथे ट्राउटच नाही. आणि गरवणाऱ्यांना विचारलं तर ते मोकळी हवा, शांतता, सोबत हेच आधी सांगतात. अर्थात गळाला काहीच लागलं नाही तर तेही हिरमुसतात म्हणा! आजोबांना त्या दिवशी दोन मिळाले होते, आणि सोबतीला मी, अशी हसणारी.

काल जाऊन माफी मागितली, मॅडिसनची गोष्टही सांगितली. त्यांनी मान डोलावली.

"पुढच्या आठवड्यात पुन्हा टँकर येणारेय," म्हणाले. "येतेस?"