नूशीन अल खदीर : खेळाडू ते उस्ताद

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. काही वर्षांपूर्वी आठवीतील एक मुलगी दुपारच्या सुट्टीत मुलांबरोबर गोलंदाजी करताना दिसायची. तिचा चेंडू चांगला वळायचा. नववीत गेल्यावर ती मैदानात दिसेनाशी झाली. विचारले तेव्हा म्हणाली, "अम्मी म्हणते, आता तू मोठी झालीस." आम्ही मान हलवली आणि हजेरीपट घेऊन वर्गात गेलो. तिच्या घरी जाऊन सांगता येईल असे एकही उदाहरण तेव्हा आमच्याजवळ नव्हते. उदाहरण होते, पण आम्हीच ते वाचले नव्हते.

ते उदाहरण म्हणजे नूशीन अल खदीर. जन्म १९८१. उजव्या हाताने ऑफ ब्रेक टाकणाऱ्या या कर्नाटकच्या गोलंदाजाने २००२ मध्ये भारतीय संघात पदार्पण केले. २०१२ पर्यंतच्या कारकिर्दीत ५ कसोटी, ७८ एकदिवसीय आणि २ टी-ट्वेंटी सामने त्यांच्या नावावर आहेत. एकदिवसीय सामन्यांत त्यांनी बरोबर १०० बळी घेतले. भारतीय महिलांमध्ये शंभरी गाठणाऱ्या गोलंदाज मोजक्याच आहेत.

हे यश एकाएकी आलेले नाही. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा आपल्या पुण्यात भरली. संघ तीनच होते : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७६ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी खेळली गेली. त्या काळात भारताचे यष्टिरक्षण फौजिया खलिली करीत होत्या. म्हणजे आपल्यातील मुलगी या इतिहासात उशिरा आली असे नाही; ती जवळजवळ पहिल्या पानापासून आहे. आपणच ते पान उघडले नाही. नूशीन यांच्यानंतर हैदराबादच्या गौहर सुलताना आल्या, मध्य प्रदेशच्या नुजहत परवीन आल्या. त्यांची नावे आपल्या किती घरांत घेतली जातात?

त्या काळी या खेळात पैसा नव्हता. मुंबईच्या डायना एडलजी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून रेल्वेत महिला क्रिकेटपटूंना नोकऱ्या मिळू लागल्या आणि अनेकींचा खेळ त्या पगारावर टिकला. नूशीनही पुढे रेल्वेच्या संघाकडून खेळल्या. २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकात मिताली राज यांच्या नेतृत्वाखाली भारत प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला. पोचेफस्ट्रूम येथे न्यूझीलंडला हरवून ही मजल गाठली होती. नूशीन त्या संघात होत्या. सेंच्युरियनच्या अंतिम सामन्यात मात्र ऑस्ट्रेलियाने ९८ धावांनी हरवले. त्या स्पर्धेत सामन्यामागे एक हजार रुपये मिळाल्याचे मिताली यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने महिला क्रिकेट आपल्या हाती घेतले ते त्यानंतर, २००६ मध्ये. पुरुषांइतके सामना मानधन तर २०२२ मध्ये जाहीर झाले. तोवर नूशीन यांची कारकीर्द केव्हाच संपली होती.

अनेक खेळाडूंची कहाणी इथेच संपते. आमच्या मते नूशीन यांची खरी कहाणी इथून सुरू होते. त्या प्रशिक्षक झाल्या. रेल्वेच्या संघाला त्यांनी तयार केले आणि पुढे एकोणीस वर्षांखालील मुलींचा भारतीय संघ त्यांच्याकडे आला. या वयोगटाचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झाला. अंतिम सामना होता २९ जानेवारीला, त्याच पोचेफस्ट्रूममध्ये. भारताच्या मुलींनी इंग्लंडला ६८ धावांत गुंडाळले आणि सामना सात गडी राखून जिंकला. भारतीय महिला क्रिकेटचा हा पहिला विश्वचषक. अठरा वर्षांपूर्वी ज्या देशातून उस्ताद रिकाम्या हाताने परतल्या होत्या, तिथूनच शागिर्द चषक घेऊन आल्या. २०२५ मध्ये मलेशियात त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मुलींनी तो पुन्हा जिंकला.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत मोठ्या महिला संघानेही विश्वचषक जिंकला. त्या अंतिम सामन्यात ८७ धावा आणि दोन बळी अशी कामगिरी करणारी शेफाली वर्मा ही २०२३ च्या संघाची कर्णधार. यष्टिरक्षक रिचा घोषही त्याच संघातली. हे सारे श्रेय एकट्या नूशीन यांचे, असे आम्ही म्हणणार नाही. पण हे पीक ज्यांनी राखले, त्यांत त्यांचे नाव घ्यावेच लागेल.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून या कारकिर्दीचा हा दुसरा भाग आम्हाला अधिक जवळचा वाटतो. आपल्याला जे मिळाले नाही ते पुढच्या पिढीला मिळवून देणे, तालीम म्हणजे तरी दुसरे काय? मुलगी मैदानातून गेली की आपण घराला, रिवाजाला दोष देऊन मोकळे होतो. पण आमच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, त्यांच्यासाठी राखलेली वेळ नव्हती, शिकवणारे कोणी नव्हते. मग त्या अम्मीने मुलीला पाठवायचे तरी कशाच्या भरवशावर? दोषाचा मोठा वाटा आमचाही होता.

आता आठवड्यातून दोन दिवस अर्धे मैदान मुलींचे असते. त्या मुलीची धाकटी बहीण यंदा सातवीत आहे आणि तिलाही चेंडू वळवता येतो. ती नववीत जाईल तेव्हा वाट पाहत बसायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. नूशीन अल खदीर यांचे नाव घेऊन तिच्या अम्मीशी बोलायला आम्ही स्वतः जाणार आहोत.