४० मेश म्हणजे नक्की किती? कारखान्यासाठी तारेची जाळी निवडताना

माझ्या मावसभावाचं सांगलीजवळ हळद आणि मिरची दळायचं छोटं युनिट आहे. दळलेली पूड चाळणयंत्रावरच्या स्टीलच्या जाळीतून जाते आणि मगच पॅक होते. जुनी जाळी फाटली म्हणून त्याने मोबाइलवरून नवीन मागवली. जुनी ४० मेश होती, त्यानेही ४० मेशच मागवली. पहिल्या दिवशी स्वारी खूश, कारण चाळण भराभर उरकत होती. चौथ्या दिवशी व्यापाऱ्याने माल परत पाठवला. त्याची अट होती की ४०० मायक्रॉनपेक्षा जाड पूड चालणार नाही, आणि ही पूड हाताला चक्क रवाळ लागत होती.

भावाने मला फोन केला, "अरे, तू टेक्नॉलॉजीवर लिहितोस ना, मग सांग, ४० आणि ४० यात फरक कसा काय पडतो?"

फरक पडतो, कारण मेश म्हणजे भोकाचं माप नाहीच. एका इंचात किती भोकं बसतात, तेवढंच तो आकडा सांगतो. भोक किती मोठं, हे तारेच्या जाडीवर ठरतं. तुमच्या फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. भागिले ४० केलं की ०.६३५ येतात. ही झाली एक तार आणि एक भोक मिळून जागा. त्यातून तारेची जाडी वजा केली की भोक मिळतं.

भावाची जुनी जाळी ३४ गेजच्या तारेची होती, म्हणजे साधारण ०.२३ मिमी. भोक आलं ०.४० मिमी, म्हणजे ४०० मायक्रॉन. नवीन जाळीची तार ३८ गेजची, ०.१५ मिमी. भोक झालं जवळपास ०.४८ मिमी. (गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. हा उलटा हिशोब भल्याभल्यांना चकवतो.) चाळण भराभर का उरकत होती, तेही यातच आलं. भोकाला ०.६३५ ने भागून उत्तराचा वर्ग करा, की जाळीचा किती भाग मोकळा आहे ते कळतं. जुन्या जाळीत तो सुमारे ४० टक्के होता, नवीन जाळीत ५८ टक्के. माल जास्त पडणारच, पण जाडही पडणार. शिवाय बारीक तार लवकर तुटते. खाण्याच्या पदार्थात तारेचा तुकडा जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून ऑर्डर देताना नुसतं मेश लिहू नका. भोक किती मायक्रॉनचं आणि तार किती मिलिमीटरची, हे दोन्ही लिहा. प्रयोगशाळेतल्या चाळण्यांना यासाठीच ठरलेली मापं असतात. अमेरिकन एएसटीएम पद्धतीत ४० नंबरची चाळणी म्हणजे ४२५ मायक्रॉन. बाजारातली ४० मेश जाळी तेवढीच निघेल असं मात्र नाही.

हातात आलेली जाळी मोजायला फोन कामाला येतो. दुसऱ्या एखाद्या फोनवर पूर्ण पांढरा फोटो उघडा, ब्राइटनेस फुल करा, त्यावर पातळ पांढरा कागद, कागदावर जाळी आणि शेजारी स्टीलची पट्टी. कागद विसरू नका, नाहीतर स्क्रीनचे पिक्सेल आणि जाळी एकमेकांत मिसळून लाटांसारखी नक्षी दिसते आणि मोजणी फसते. मग अगदी वरून, तिरकं न धरता मॅक्रो फोटो काढा आणि झूम करून एका इंचातली भोकं मोजा. तारेची जाडी मात्र फोटोवरून मोजू नका. अकरावीच्या प्रॅक्टिकलमधला स्क्रू गेज आठवतो? जाळीच्या कडेची एक सुटी तार काढून, सरळ करून त्यात धरा.

विणीबद्दल थोडक्यात. साध्या विणीत तार एकीच्या वरून, एकीच्या खालून जाते. कोरडी पूड चाळायला हीच घ्या. ट्विलमध्ये दोन वरून, दोन खालून. बारीक भोकासाठी जाड तार हवी असेल तेव्हा ती उपयोगी पडते. डच विणीत तारा इतक्या दाटीने बसवतात की आरपार दिसतच नाही. ती तेल किंवा पाणी दाबाखाली गाळायला ठीक, हळदीला लावलीत तर तासाभरात चोंदेल.

आता धातू. लोखंडाची गॅल्व्हनाइज्ड जाळी स्वस्त पडते, पण खाद्यपदार्थाला ती नको. तिथे ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या. मीठ असलेला मसाला असेल तर ३१६ बघा. त्यात मॉलिब्डेनम असतं, म्हणून मिठाने बारीक खड्डे पडायचं प्रमाण कमी होतं. दुकानदार चुंबक लावून दाखवतात आणि 'चिकटत नाही, म्हणजे अस्सल' म्हणतात. त्यावर फार जाऊ नका. ३०४ ची तार थंड अवस्थेत ओढून बारीक करताना थोडी चुंबकीय होऊ शकते. आणि चुंबकाने ३०४ आणि ३१६ यातला फरक तर कळतच नाही. मटेरियलचं सर्टिफिकेट मागा.

भावाने परत ३४ गेजची जाळी बसवली. चाळण पुन्हा हळू झाली, तेव्हा त्याने जाळीखाली रबरी चेंडू टाकले. ते उसळून जाळीला खालून ठोकतात आणि अडकलेली पूड मोकळी होते. एक त्रास अजून आहे. मिरचीच्या सालीचे लांबट तुकडे उभे होऊन ०.४० च्या भोकातूनही निसटतात. त्यावर जाळी बदलून उपयोग नाही, दळणच बारीक करावं लागतं. सध्या तो मिरची दोनदा दळतोय आणि विजेचं बिल मला पाठवतोय.