रुक्मिणीचं बाळंतपण

कौंडण्यपूर ही माझी सासुरवाडी. हे वाक्य मी गेली पन्नास वर्षं जरा छाती पुढं काढून उच्चारत आलो आहे. कारण ती भगवान श्रीकृष्णाचीही सासुरवाडी. म्हणजे नात्यानं आम्ही साडूच. फरक एवढाच, की त्यांनी बायको पळवून नेली आणि मला ती नारळ, दुपट्टा आणि टोपीसकट सन्मानानं देण्यात आली. टोपी अजून आहे.

गाव तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर. नदी ओलांडली की वर्धा जिल्हा. भीष्मक राजाची राजधानी ती हीच, यावर गावात दुमत नाही. 1962 ते 1964 या काळात इथं मो. ग. दीक्षितांनी उत्खनन केलं. महापाषाण काळापासून सातवाहन काळापर्यंतचे थर लागले, खापरं निघाली, मणी निघाले. रुक्मिणीनं कृष्णाला लिहिलेलं पत्र मात्र निघालं नाही. मी एकदा ही शंका पारावर काढली. एक म्हातारबुवा तंबाखू मळता मळता म्हणाले, "मास्तर, चिठ्ठी किस्नाले धाडली व्हती ना? मंग थे द्वारकेत खोदा. इथं कायले खोदता?"

त्यानंतर मी इतिहास शिकवत राहिलो, पण पारावर नाही.

आता मूळ मुद्दा. 1976 साली आमच्या घरी पाळणा हलायची चिन्हं दिसू लागली. मी अकोल्याला मास्तर. सातवा महिना लागला तसा प्रश्न उभा राहिला, की बाळंतपण कुठं करायचं? त्यासाठी आमच्या दोन खोल्यांत दोन्ही घरची मिळून अकरा माणसं जमली. सासरे म्हणाले कौंडण्यपूरला. माझे काका म्हणाले अकोल्यालाच. मेहुण्यानं अमरावती सुचवली, कारण तिथं नवा सिनेमा लागला होता. ठराव, उपसूचना, हरकतीचा मुद्दा, सगळं रीतसर झालं. जिचं बाळंतपण होतं ती आत चहा करत होती.

शेवटी आजेसासूबाईंनी काठी आपटली. "पयलं बायंतपन माह्यरीच. रुक्मिनी माह्यराले आली असती त तिचं लेकरू गेलं असतं का?"

सभा गप्प झाली. रुक्मिणीचा दाखला म्हणजे कौंडण्यपुरात सुप्रीम कोर्टाचा निकाल.

मीही विचार करू लागलो आणि म्हातारीच्या बोलण्यात तथ्य दिसू लागलं. रुक्मिणी बाई मोठी हुशार. नवरा स्वतः निवडला. भावानं शिशुपाल ठरवला होता, तर तिनं ब्राह्मणाच्या हाती निरोप धाडून रथ मागवला. लग्नाच्या आदल्या दिवशी मी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला येईन, तिथून न्या, असा पत्ताही कळवला. (ते देऊळ आमचंच, असं अमरावतीकर अंबादेवीबद्दल सांगतात आणि कौंडण्यपूरकर आपल्या देवळाबद्दल. या वादात जावयानं पडू नये.) पण एवढं सगळं ठरवणाऱ्या बाईच्या हातून एक गोष्ट सुटली. माहेर. भाऊ रुक्मी कृष्णाच्या मागं धावला, हरला, अर्धवट हजामत करून घेऊन परतला, आणि कृष्णाला मारल्याशिवाय कुंडिनपुरात पाय ठेवणार नाही या पणापायी भोजकट नावाचं दुसरंच गाव वसवून राहिला. अशा घरी बाळंतपणाला जायचं कोणत्या तोंडानं?

म्हणून प्रद्युम्न द्वारकेत जन्मला. सोन्याची नगरी. वैद्य, दासी, पहारे, कशाची म्हणून वाण नसावी. तरी विष्णुपुराण सांगतं, की सहाव्या दिवशी शंबरासुरानं ते मूल थेट सूतिकागृहातून उचललं आणि समुद्रात टाकलं. भागवत म्हणतं, दहा दिवस पुरे व्हायच्या आत. पुढं मासा, मासळीतून मूल, शंबराच्याच स्वयंपाकघरात त्याला वाढवणारी मायावती, आणि वाढलेला मुलगा घरी परत, असा गोड शेवट आहे. पुराणात तो असतोच.

"आई असती जवळ," आजेसासूबाई म्हणाल्या, "त सहाव्या राती डोया लागला असता का तिचा?"

इतका वेळ माझी आई कोपऱ्यात बसून होती. ती एकदम म्हणाली, "शंबर माझ्याही घरी आला होता."

मला एक थोरला भाऊ झाला होता, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. साल 1946. घरीच बाळंतपण. खोली अंधारी, खिडकीला पोतं, दाराशी शेगडी. सगळं नीट पार पडलं. सुईणीनं नाळ विळ्यानं कापली, वर राख लावली. पाचवी पूजली, सटवाई नशीब लिहायला येते म्हणून कागद आणि बोरू ठेवला, रात्रभर दिवा जागवला. सातव्या दिवशी बाळानं दूध ओढायचं सोडलं. जबडा मिटला. अंग धनुष्यासारखं वाकलं. आठव्या दिवशी संपलं.

"सासूबाई म्हणाल्या, सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं," आई म्हणाली. "पुढं नर्सबाईनं सांगितलं, ते विळ्यानं लिहिलं होतं."

अकरा माणसांपैकी कुणाला काही सुचेना. मेहुणाही सिनेमा विसरला.

धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात, गंजलेल्या विळ्यावर असतात. कापलेल्या नाळेतून आत शिरतात आणि बहुधा पहिल्या आठवड्याच्या आसपास आपलं रूप दाखवतात. पुराणातला सहावा दिवस, पाचवीचं जागरण आणि डॉक्टरांच्या पुस्तकातली मुदत एकमेकांच्या इतकी जवळ येते, तेव्हा या देशातल्या बायका हजारो वर्षं नेमक्या कोणत्या रात्री कुणाची वाट पाहत जागत होत्या, ते ध्यानात येतं. राक्षसाची वेळ त्यांना बरोबर ठाऊक होती. तो कोणत्या दारानं येतो, तेवढं कळलं नव्हतं.

कळलं नव्हतं ते फक्त आपल्याचकडे, असं समजून मान खाली घालायचं कारण नाही. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते. पहिल्यात डॉक्टरकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात शिकाऊ सुइणी. 1846 साली पहिल्या वॉर्डात शंभरातल्या अकराहून जास्त बाया सूतिकाज्वरानं दगावल्या, दुसऱ्यात तीनसुद्धा नाही. दाखल करून घ्यायचे वार वाटून दिलेले. पहिल्या वॉर्डाचा वार आला की बाया गयावया करत, आम्हांला सुइणींकडे पाठवा म्हणून. काही तर रस्त्यातच बाळंत होणं पत्करत. प्रोफेसर मंडळी हवा, गर्दी, बायकांची भीती अशी कारणं शोधत होती. 1847 मध्ये सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरनं ओळखलं, की विद्यार्थी प्रेतं चिरून तसेच येतात. त्यानं क्लोरिनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्यानं खाली आले. यावर बडे डॉक्टर रागावले. आमचे हात, आणि घाण? बिचारा 1865 साली वेड्यांच्या इस्पितळात वारला. बाळंतपण कुठं करू नये, ते व्हिएन्नाच्या बायांना प्रोफेसरांच्या आधी कळलं होतं. पण त्यांना विचारतो कोण? तिथंही बहुधा अकरा माणसांची सभा भरत असावी.

आपल्याकडे आनंदीबाई जोशींचा मुलगा असाच जेमतेम दहा दिवसांचा होऊन गेला. आई चौदा वर्षांची. त्या घावातून ती बाई अमेरिकेला जाऊन 1886 साली डॉक्टर झाली आणि तिनं प्रबंधाला विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी ती गेली. त्या सुमारास, 1885 मध्ये, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी बायकांच्या दवाखान्यांसाठी फंड काढला. परक्या पुरुष डॉक्टरसमोर बाई जात नाही, तर बाई डॉक्टर आणि नर्सा तयार करा, असा साधा हिशेब. अमरावतीचं सरकारी स्त्री रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी "डफरीन"च आहे. आमच्या अकोल्याचं "लेडी हार्डिंग". व्हाइसरॉय कोण आणि कधी होते, ते माझ्या विद्यार्थ्यांना कधी सांगता आलं नाही, पण त्यांच्या बायकांची नावं वऱ्हाडातल्या दर खेड्यात पाठ आहेत. इतिहासात टिकायचं असेल तर काय बांधावं, हे यावरून समजावं.

थोरला गेल्यावर माझ्या वेळी आई कुणाला न विचारता मावशीला घेऊन चालत लेडी हार्डिंगला गेली. सासूबाईंनी महिनाभर अबोला धरला. "अबोल्यानं कुणी मरत नाही," आई म्हणाली. मग चहा घेऊन आलेल्या सुनेकडे बघून तिनं विचारलं, "तुला काय हवं गं?"

त्या सभेतला हा पहिला शहाणा प्रश्न, आणि तो तीन तासांनी आला.

आमच्या हिनं ट्रे खाली ठेवला. जणू उत्तर सातवा महिना लागल्यापासून तयार होतं. राहायचं माहेरी. दिवस भरत आले की अमरावतीला मामांकडे, म्हणजे दवाखाना जवळ. सोबत माय आणि आत्याबाई, दोघी. "आन् गावची दाईमाय पायजे. तिनं पाठीवर हात फिरवला की मले बरं वाटते." मी घसा खाकरून विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही थर्मास आना."

तर अशी ती फौज एसटीनं अमरावतीला उतरली. दाईमाय आयुष्यात पहिल्यांदा तालुक्याबाहेर पडलेली. दवाखान्यात सिस्टरनं तिची नखं पाहिली, कापली आणि कोपरापर्यंत साबणानं हात धुवायला लावले. मला वाटलं, आता ठिणगी पडणार. पण दाईमाय हात धुऊन वास घेत परत आली आणि म्हणाली, "लगनातल्यावानी वास येऊन राह्यला." रात्रभर ती हिची कंबर चोळत, बोलत बसली. सुया, कात्री, टाके सिस्टरकडे. धीर दाईमायकडे. माय आणि आत्याबाई आळीपाळीनं एकमेकींना धीर देत होत्या. मी कडुनिंबाखाली थर्मास धरून उभा होतो. पहाटे मुलगी झाली. जाताना दाईमायनं लुगडं घेतलंच, वर सिस्टरकडून साबणाची वडीही मागून घेतली. त्यानंतर गावात ती हात धुतल्याशिवाय कुणाच्या घरात शिरली नाही, आणि घरच्यांनाही शिरू देईना. पुढं सरकारनंही दाईंना शिकवलं, नवं पातं आणि स्वच्छ दोरा हाती दिला, पोटुशा बायांना धनुर्वाताची लस दिली. 2015 साली भारतातून हा बाळंतघरातला धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. मी पेपर आईच्या फोटोपुढं ठेवला.

म्हणजे दवाखाना गाठला की प्रश्न मिटला? तसंही नाही. आमच्याच जिल्ह्यात, मेळघाटातल्या बैरागडला, डॉ. रवींद्र कोल्हे 1980 नंतरच्या दशकात दवाखाना मांडून बसले. पाठोपाठ डॉ. स्मिता आल्या. त्यांचं पहिलं बाळंतपण गावातच झालं, नवऱ्याच्याच हातून. बाळ फार आजारी पडलं. लोक म्हणाले, अकोल्याला न्या. डॉक्टरांनी निर्णय आईवर सोडला. आई म्हणाली, गावातल्या लेकरांवर जसा इथं इलाज होतो तसाच याच्यावर होईल. बाळ वाचलं आणि गाव त्यांचं झालं. 2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली. कुणी म्हणेल, हा अविचार. मी आपला थर्मास धरणारा माणूस, निकाल देत नाही. माझ्या डोक्यात एवढंच बसलं, की एक आई दवाखान्याकडे चालत गेली, दुसरी तिथंच पाय रोवून राहिली, आणि दोघींच्या बाबतीत शेवटचा शब्द आईचा होता.

गेल्या वर्षी नातीला दिवस गेले. राहते पुण्याला. तिनं फोनवर सांगितलं, "आजोबा, मी बर्थ प्लॅन केलाय." चांगलं पानभर टाईप केलेलं. दवाखाना कोणता, अडलं तर गाडी कुणाची, आत कोण, बाहेर कोण, कळा सोसताना सोबतीला एक शिकलेली बाई, तिला डूला म्हणतात. मी हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "आमच्या येळी तिले दाईमाय म्हनत. एसटीनं येत व्हती." कागदाच्या शेवटी माझं नाव होतं. पुढं लिहिलं होतं: कॉफी. पन्नास वर्षांत बढती अशी नाही.

आषाढीला कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी पायी पंढरपुरला जाते. 1594 सालापासून, असं परंपरा सांगते. माहेरची माणसं लेकीला भेटायला निघतात. मला पूर्वी ती नुसती वारी वाटायची. आता वाटतं, ज्या बाळंतपणाला कुणी गेलं नाही, त्याची भरपाई आहे. चारशे वर्षांहून अधिक चालत आहेत आणि अजून त्यांना पुरेसं वाटत नाही.

नातीला मुलगा झाला. सहाव्या रात्री मी पाणी प्यायला उठलो, तर ही पाळण्याशी दिवा लावून बसलेली.

म्हटलं, "अगं, इंजेक्शनं झाली, सगळं झालं. आता शंबरासुर येत नाही."

"येऊ द्या की," ही म्हणाली. "आला त म्हनीन, आधी हात धू."